हॉइकच्या स्टँडमधला १९९० सालचा ट्राय

स्कॉटलंडला जाऊन आलेला माणूस किल्ला, व्हिस्की आणि नेस सरोवरातला राक्षस यांच्याबद्दल बोलला नाही, तर तो तिकडे गेला होता यावर लोकांचा विश्वास बसत नाही. म्हणून आधी ते उरकतो. किल्ला पाहिला, गर्दी फार. व्हिस्की घेतली. राक्षस दिसला नाही. हायलँड्सच्या बससहलीत डोंगर कमी आणि पुढच्या सीटवरच्या बाईची टोपी जास्त पाहिली. झालं.

मला रग्बी बघायची होती. पुतण्या एडिनबरात नोकरीला आहे, पण त्याला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. मरेफील्डच्या भव्य स्टेडियमात आमच्या मुक्कामात एकही सामना नव्हता. बाहेरून फोटो काढून परत यावं लागणार, असं दिसत होतं. पुतण्याच्या ऑफिसातला एकजण म्हणाला, ‘काकांना खरी रग्बी बघायची असेल तर बॉर्डर्समध्ये पाठव. तिथे तिकीट मिळतं, बसायला जागाही मिळते.’

बॉर्डर्स म्हणजे स्कॉटलंडचा दक्षिण भाग, इंग्लंडच्या सीमेला लागून. ट्वीड आणि टेव्हियट या नद्यांच्या खोऱ्यांत छोटी छोटी गावं: हॉइक, गालाशील्स, मेलरोज, सेलकर्क, केल्सो, जेडबरा. त्यातलं मोठ्यातलं मोठं हॉइक, वस्ती १४ हजारांच्या आसपास. मेलरोज तर अडीच हजारांचं. आणि या गावांची आपापसातली बॉर्डर लीग १९०१ पासून चालू आहे. जगातली सगळ्यात जुनी रग्बी लीग हीच, असं इथे मानतात. हॉइक, गाला (म्हणजे गालाशील्स), मेलरोज, जेड-फॉरेस्ट (म्हणजे जेडबरा) आणि लँगम हे सुरुवातीचे पाच संघ. सेलकर्क आणि केल्सो नंतर आले. पीबल्स तर १९९६ मध्ये आलं, म्हणजे त्यांच्या लेखी अजून नवीन सूनच.

एडिनबराहून गाडीने तासाभरात गालाशील्स. ही रेल्वे १९६९ मध्ये बंद केली होती, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती पुढे ट्वीडबँकला जाऊन थांबते. पूर्वी हीच लाइन हॉइकवरून थेट इंग्लंडात कार्लाइलपर्यंत जायची. हॉइकला रेल्वे परत आलीच नाही, आणि गालाला आली. हे दुःख हॉइकमध्ये तुम्हाला कोणीही न विचारता सांगेल.

पहिल्या दिवशी मेलरोज. तिथल्या मठात रॉबर्ट द ब्रूस या राजाचं हृदय पुरलेलं आहे. बायकोने तिथे बराच वेळ काढला, मी ग्रीनयार्ड्स मैदानाच्या कुंपणाला नाक लावून उभा राहिलो. मागे आयल्डनचे तीन सुळके, पुढे रिकामं हिरवंगार मैदान. १८८३ मध्ये क्लबची तिजोरी रिकामी होती. नेड हेग या खाटकाने डोकं लढवलं की दिवसभराची स्पर्धा भरवून पैसे उभे करावेत. पण पंधरा-पंधरा जणांचे इतके सामने एका दुपारी होणार कसे? मग माणसं सातवर आणली आणि वेळही कापला. सेव्हन्स रग्बी जन्माला आली ती अशी, तंगीतून. पहिल्या अंतिम सामन्यात मेलरोज आणि गालाची बरोबरी झाली. जादा वेळात मेलरोजने आधी गुण केले आणि ‘आम्ही जिंकलो’ म्हणत मैदान सोडलं. गालावाल्यांनी हरकत घेतली, पण कप मेलरोजकडेच राहिला. तोच खेळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला पोचला.

मुक्काम गालाशील्सला केला, कारण खोली स्वस्त होती. खोलीबद्दल एवढंच सांगतो, की खिडकी बंद होत नव्हती आणि हीटर उघडत नव्हता. मालकीणबाई म्हणाल्या, हवा खेळती राहिली की तब्येत चांगली राहते.

शनिवारी सेलकर्कवरून बसने हॉइक. मॅन्सफील्ड पार्कवर हॉइक विरुद्ध जेड-फॉरेस्ट. तिकीट एडिनबरातल्या एका जेवणापेक्षा स्वस्त. अडचण वेगळीच होती: बायकोचा शनिवारचा उपवास असतो, आणि क्लबच्या खिडकीत मटणाची पाय (पिठाच्या पारीत मटण भरून भाजलेली), सॉसेज आणि चिप्स एवढंच होतं. खिडकीतल्या बाईंना बायकोने उपवास समजावून सांगायला घेतला. मागे रांग वाढत होती, पण एकानेही तोंड वाकडं केलं नाही. शेवटी त्या बाईंनी निर्णय दिला: बटाटा चालतो ना, मग चिप्स. त्यावर व्हिनेगर टाकू का, हा प्रश्न आमच्या शास्त्रात नसल्याने तो नाकारला. तळायचं तेल कोणतं, ते आम्ही विचारलं नाही. मी पाय खाल्ली, गरम आणि मिरपूड मारलेली. आतला रस्सा मनगटापर्यंत ओघळला.

स्टँडमध्ये लाकडी बाक. शेजारी एक गृहस्थ, ऐंशीच्या आसपासचे, गळ्यात हिरवा मफलर. आयुष्य विणकाम गिरणीत गेलेलं. हॉइकचे स्वेटर जगभर जातात, त्या गिरण्यांपैकी एकीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘उतरलात कुठे?’ मी म्हटलं, गालाशील्सला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की गालावाल्यांच्या घरात नळाचे संडास सगळ्यांत शेवटी आले. तोवर बादलीवर बसून बसून त्यांच्या बैठकीवर गोल वळ उठलेले असायचे. ‘अजून आहेत म्हणतात. मी पाहिले नाहीत.’ पुढच्या रांगेतली बाई मागे वळून म्हणाली, ‘गालावाले आपल्याला काय म्हणतात तेही सांगा की.’ ते त्यांनी सांगितलं नाही.

कोल्हापूरच्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ भिडतात, तेव्हा तुम्ही कोणाचे हे तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरतं, खेळ बघून नाही. मी ते सांगितल्यावर गृहस्थांनी विचारलं, ‘पेठा एकमेकांपासून किती लांब?’ म्हटलं, चालत दहा मिनिटं. ‘वा! म्हणजे भांडण चांगलं होत असेल.’

सामना चिखलाचा झाला. टीव्हीवर स्क्रम म्हणजे आठ-आठ माणसांचा ढीग दिसतो. जवळून आधी ऐकू येतो. दोन्ही बाजू एकमेकांत घुसताना जो हुंकार निघतो, तो बाकापर्यंत येतो, आणि मग गारठ्यात सगळ्यांच्या पाठींवरून वाफ निघते. हॉइकच्या पहिल्या फळीतल्या एका दांडग्याचा कान चुरमडून गोळा झालेला. त्यावर गुंडाळलेली पट्टी सुटून मानेवर लोंबत होती. लाइनआउटच्या (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये परत फेकतात त्याच्या) आधी त्याने ती उपटून फेकली. जेडच्या एका पोराने ती उचलली आणि आपल्या मोज्यात खोचली. त्याला स्वतःला हवी होती बहुतेक.

जेडबरा जेमतेम चार हजारांचं गाव. रॉय लेडलॉ, गॅरी आर्मस्ट्राँग आणि रॉयचा पुतण्या ग्रेग लेडलॉ, हे स्कॉटलंडचे तीन नामांकित स्क्रम-हाफ (स्क्रममधून आलेला चेंडू पुढे देणारे) या एका गावातले. आर्मस्ट्राँग ट्रक चालवायचा. मी हे वाचून गेलो होतो आणि शहाणपणा दाखवायला मध्यंतरात बोललो. गृहस्थ एकदम माझ्याकडे वळले. ‘तुम्ही १९९० चा ट्राय पाहिलाय?’

नव्हता पाहिला. (ट्राय म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं.) मग त्यांनी खिशातून पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी काढली. हॉइक बॉल्स म्हणतात त्यांना. याच गावचे बिल मॅकलॅरन, बीबीसीचे रग्बी समालोचक, या गोळ्या खिशात घेऊन फिरत आणि खेळाडूंना वाटत. तरुणपणी क्षयाने त्यांचा खेळ सुटला, म्हणून ते शाळेत कसरत शिकवू लागले आणि पुढे माईकवर गेले. २०१० मध्ये वारले. इथे त्यांचं नाव अजून वर्तमानकाळात घेतात.

तर गोळ्या बाकावर मांडल्या. १७ मार्च १९९०, मरेफील्ड, समोर इंग्लंड, आणि जिंकेल त्याला ग्रँड स्लॅम, म्हणजे त्या वर्षीच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकल्याचा मान. ही गोळी जॉन जेफ्री, केल्सोचा शेतकरी. त्या दिवशी आठ नंबरचा खेळाडू जखमी होऊन बाहेर गेला होता म्हणून हा मागे आला. स्क्रममधून त्याने चेंडू उचलला. ही गोळी गॅरी आर्मस्ट्राँग, जेड-फॉरेस्ट. त्याच्याकडे पास. थर्मासचं झाकण म्हणजे गॅव्हिन हेस्टिंग्ज. त्याने लाथ मारून चेंडू पुढे उडवला. (‘तो एडिनबराचा,’ असं म्हणून झाकण लगेच बाजूला ठेवलं.) आणि ही शेवटची गोळी टोनी स्टँगर, हॉइकचा, वय २१. ती त्यांनी बाकाच्या कडेपर्यंत सरकवत नेली, हवेत उचलली आणि माझ्या बायकोच्या पर्सवर आपटली. ट्राय! स्कॉटलंड १३, इंग्लंड ७.

‘केल्सो, जेड, हॉइक,’ ते म्हणाले. ‘देश वगैरे ठीक आहे.’

मग स्टँगर त्यांनी तोंडात टाकला. मला आर्मस्ट्राँग दिला. बायकोने उपवास असूनही जेफ्री घेतला.

तोच सामना कलकत्ता कपचाही होता. कलकत्त्यातल्या साहेबांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी पेला घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. तेव्हापासून इंग्लंड-स्कॉटलंड त्यासाठी भांडतात. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. १९८८ मध्ये याच जेफ्रीने आणि इंग्लंडच्या डीन रिचर्ड्सने रात्री एडिनबराच्या रस्त्यावर तो नेला आणि पार चेपवून आणला. आपल्याच रुपयांचा पेला, आणि आपल्याकडे त्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

पण त्या बाकावर मला खरी चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. स्टँड अर्धाच भरला होता. १९७० च्या दशकात राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा पहिली पाच वर्षं हॉइकने कोणाला हात लावू दिला नाही. १९९५ नंतर खेळात पगार आले आणि चांगली पोरं शहरांत गेली. बॉर्डर्ससाठी व्यावसायिक संघ काढला, त्याला मैदान दिलं गालाशील्सचं, आणि २००७ मध्ये संघ गुंडाळला. पैसे नव्हते हे कारण खरंच असेल. पण हॉइकचा माणूस शनिवारी गालाच्या स्टँडमध्ये जाऊन टाळ्या वाजवेल, हे ज्याने ठरवलं तो या खोऱ्यात एकदा तरी येऊन गेला होता का? पुढे मेलरोजला सदर्न नाइट्स नावाचा अर्धव्यावसायिक संघ आला. तो ज्या स्पर्धेत खेळायचा, तीही २०२४ मध्ये संपली. क्लब मात्र आहेत, शंभराहून जास्त वर्षं, पाय आणि रॅफलच्या तिकिटांवर.

हॉइक जिंकलं. शिट्टी वाजल्यावर हॉइकच्या पोरांनी दोन रांगा करून जेडवाल्यांना टाळ्या वाजवत मधून जाऊ दिलं, मग जेडवाल्यांनी तसंच केलं. पाचच मिनिटांपूर्वी ही मंडळी एकमेकांची तोंडं चिखलात दाबत होती. क्लबात दोन्ही संघ एकाच टेबलावर जेवत होते. आम्हालाही बसवलं. तिकडच्या पाहुणचाराबद्दल मी एडिनबरात जे काही वाईट बोललो होतो, ते फक्त एडिनबरापुरतं धरावं.

बसथांब्यावर जेडचं एक जोडपं भेटलं. हरल्याचं दुःख त्यांनी क्लबातच बुडवलं होतं. म्हणाले, रग्बी काय बघता, फेब्रुवारीत जेडबऱ्याला या, हँड बा बघायला. गावाची वरची आळी विरुद्ध खालची आळी, फिती लावलेला चामड्याचा छोटा चेंडू, मैदान नाही, पंच नाही, रस्त्यांतून आणि नदीतून खेळायचं. दुकानदार काचांना फळ्या ठोकतात. पूर्वी म्हणे इंग्रजाचं मुंडकं घेऊन खेळायचे.

बायकोने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘वार कोणता असतो?’

‘गुरुवार.’

‘मग चालेल,’ ती म्हणाली, ‘गुरुवारी मी खाते.’