आमची वाटचाल : फराळाचा हंगाम आणि कामावरच्या बायकांची दिवाळी

फराळाच्या धंद्यात वर्षाचा खरा हिशेब तुळशीची लग्ने आटोपल्यावरच लागतो, कारण तोपर्यंत कंपन्यांकडची येणी बहुतेक वसूल झालेली असतात, उरलेले डबे आणि वेष्टने मोजून झालेली असतात आणि कामावरच्या बायका आपापल्या घरचा सण उरकून परत आलेल्या असतात. यंदाही त्रिपुरी पौर्णिमेनंतर आम्ही सगळे गाळ्यात एकत्र बसलो आणि २०२५ च्या हंगामाविषयी बोललो. त्या बोलण्यातून जे हाती लागले ते लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण या वर्षी आम्ही जे ठरवले होते ते बऱ्याच अंशी पार पडले.

या धंद्याची सुरुवात सासूबाईंनी केली. नाशिकच्या पंचवटीतल्या घराच्या मागच्या पडवीत त्या चकलीची भाजणी करून विकत असत आणि सासऱ्यांचे सातपूरच्या कारखान्यातले सहकारी हे त्यांचे पहिले गिऱ्हाईक होते. पुढे चिवडा आला, कारण नाशिकमध्ये तळलेला कांदा घातलेला झणझणीत चिवडा न ठेवणाऱ्या फराळवाल्याकडे लोक फारसे वळत नाहीत. मग भाड्याचा गाळा, अन्न परवाना, भट्ट्या आणि पाकिटे बंद करण्याचे यंत्र असे एकेक होत गेले. आज चिवडा, शेव आणि भाजणी वर्षभर चालते. करंज्या, अनारसे, लाडू, शंकरपाळे हा मात्र दिवाळीचाच पसारा आहे आणि वर्षाच्या विक्रीचा मोठा वाटा त्या थोड्या आठवड्यांतच येतो.

यंदा ते आठवडे फारच आखूड झाले. पितृपक्षात दिवाळीचा फराळ कोणी सांगत नाही, हे दरवर्षीचेच. त्यात १५ ऑगस्टला जीएसटीचे दर दिवाळीपूर्वी कमी होणार अशी घोषणा झाल्यामुळे कंपन्यांच्या खरेदी विभागांनीही मागणी रोखून धरली. नवे दर २२ सप्टेंबरला लागू झाले आणि त्याच दिवशी घटस्थापना होती. त्यामुळे एरवी महिनाभरात पसरून येणारी मागणी एकदम आली आणि धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला असल्याने हातात चार आठवडेसुद्धा उरले नाहीत. दर कमी झाल्याचे समाधान मात्र मोठे आहे. पूर्वी पाकीटबंद चिवडा, शेव, चकली यांवर १२ टक्के आणि मिठाईवर ५ टक्के कर होता आणि दोन्ही एकाच भेटपेटीत एकाच किमतीला दिले की संपूर्ण पेटीला वरचा दर लागत असे. म्हणजे लाडू-करंजीलाही चिवड्याचा कर भरावा लागे. आता सगळी पेटी ५ टक्क्यांत बसते. जुन्या वेष्टनांवर नवी किंमत चिकटवण्याचे काम वाढले, पण ते आनंदाने केले.

तेलाने यंदा त्रास दिला नाही. २०२४ मध्ये सप्टेंबरच्या मध्याला, ऐन हंगामाच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर गेले होते. या वर्षी ३० मे रोजी ते १० टक्क्यांवर आणले गेले, त्यामुळे भाव निदान आधीच ठरवता आले.

पावसाने मात्र परीक्षा पाहिली. सप्टेंबरअखेरीस गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदावरीला पूर आला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीभोवती पाणी चढले आणि रविवार कारंजा व दहीपुलाकडून येणारा किराणा माल पंचवटीत आणणे कठीण होऊन बसले. वाहतुकीपेक्षाही अधिक चिंता ओलाव्याची होती. चिवड्याच्या पातळ पोह्यांना ऊन लागते आणि ऊन नव्हते. पोहे ड्रायरमध्ये घालता येतात, तसे ते घातलेही. अनारशांना मात्र असा आडमार्ग नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग फडक्यावर सावलीत पसरायचे आणि हाताला किंचित ओल लागत असतानाच दळायचे. हवाच दमट असली की ही ओल कुठे थांबली ते बोटांना नीट कळत नाही, गूळ घातल्यावर पीठ सैल पडते आणि तुपात सोडलेला अनारसा हसतो, म्हणजे जाळी सुटून त्याचा चुरा होतो. एका सकाळी पहिला घाणा तसा हसला तेव्हा आमच्या तळणीवरच्या काकूंनी कढई उतरवून ठेवली आणि सांगितले, “वहिनी, हे पीठ दोन दिवस राहू द्या. आज घाई केली तर तूपही जाईल आणि नावही जाईल.” आम्ही अनारशांची नोंदणी त्याच दिवशी थांबवली आणि ज्यांना अजून शब्द दिला नव्हता त्यांना तसे कळवले.

परदेशी जाणाऱ्या फराळाची गोष्ट वेगळी आणि मनाला लागणारी होती. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांतली कितीतरी घरे मुलांना आणि नातवंडांना अमेरिकेत फराळ पाठवतात. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली आणि त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, म्हणजे धनत्रयोदशीच्या तीन दिवस आधी. खासगी कुरिअर चालू होते, पण शुल्क धरून पाठवणीचा खर्च फराळाच्या किमतीला मागे टाकू लागला. एक आजी दरवर्षी स्वतः येऊन चव बघून डबा बांधून घेतात. त्यांनी विचारले, “अगं, मग यंदा नातवाला चकली नाहीच का?” त्यांना आम्ही भाजणीचे मोजमाप आणि पाण्या-मोहनाचे प्रमाण लिहून दिले, म्हणजे सुनेला तिकडे करता येईल. हे आमच्या विक्रीत बसणारे नव्हे, पण त्या घराशी असलेला आमचा संबंध विक्रीहून जुना आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सणाच्या दिवसांतला ताण कसा हाताळावा याविषयी बरेच सांगितले जाते आणि त्यात दीर्घ श्वास, चालणे, सकारात्मक विचार असे पुष्कळ काही असते. ते वाईट नाही. पण फराळ बनवणाऱ्या गाळ्यात ताणाचे मूळ ठरलेल्या दोन-तीन जागी असते : किती काम घेतले, ते किती हातांत वाटले आणि त्या हातांच्या मालकिणींना घरी कधी जाता आले. आमच्याकडे मखमलाबाद, म्हसरूळ, फुलेनगर या भागांतून बायका येतात. त्यांतली प्रत्येक जण आपल्या घरी दिवाळीची कर्तीसवरती आहे. घर आवरणे, मुलांचे कपडे, देवाधर्माचे, भाऊबीजेला दिंडोरीला किंवा पेठला माहेरी जाणे, तेही एसटीच्या गर्दीतून, हे सारे तिच्याच माथी असते आणि नेमके त्याच दिवसांत आम्ही तिच्याकडे जास्तीत जास्त काम मागत असतो. श्रावणात कामाची आखणी करायला बसलो तेव्हा करंज्या मुरडणाऱ्या मावशींनी हे सरळ शब्दांत मांडले. त्यांची मुरड इतकी सारखी येते की कातण्याची गरज लागत नाही. त्या म्हणाल्या, “सगळ्या गंगापूर रोडच्या करंज्या मी मुरडते आणि घरी पोरं विचारतात, आई, यंदा पण डब्यातल्याच का?”

त्यानंतर आखणी उलट्या बाजूने केली. आधी प्रत्येकीला घरासाठी कोणते दिवस हवेत ते लिहून घेतले, मग उरलेल्या दिवसांत किती माल निघेल ते मांडले आणि तेवढीच नोंदणी घ्यायची असे ठरवले. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, नोंदणीची वही बंद केली. वसुबारसेला, १७ ऑक्टोबरला, शेवटचा घाणा काढायचा, धनत्रयोदशीला फक्त डबे पोचवायचे आणि त्या दिवसापासून भाऊबीजेपर्यंत तळणीवरच्या एकीलाही बोलवायचे नाही, असे भिंतीवर लिहून लावले.

हे पाळणे सोपे गेले नाही. वही बंद झाल्यानंतर अंबडच्या एका कंपनीचे खरेदी अधिकारी स्वतः आले. त्यांना काही शे पेट्या हव्या होत्या आणि पैसे आगाऊ द्यायलाही ते तयार होते. एवढे काम नाकारताना घशाला कोरड पडते, कारण गाळ्याचे भाडे आणि भट्टीचा हप्ता सणासुदीची वाट पाहत थांबत नाही. तरी आम्ही नाही म्हटले आणि आमच्या ओळखीतल्या दुसऱ्या एका फराळवाल्या ताईंचा पत्ता त्यांना दिला. त्या संध्याकाळी काम रोजच्या वेळी, सात वाजता थांबले. माझ्या मते संपूर्ण हंगामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होता. तो घेतला नसता तर भिंतीवर लिहिलेल्या तारखांना कोणी मोल दिले नसते.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांनी हात दिला. भट्टीसमोर एकच बाई दिवसभर उभी राहणार नाही, तळणी, मुरड आणि भरणी या कामांवर पाळीपाळीने बदल होईल, असे ठरवले. बेसन भाजणे हे खांद्याचे काम असल्यामुळे ते दोघींत वाटले. फोनवरची मागणी, चौकशी आणि तक्रार हे सगळे मुलाने एकट्याने सांभाळले आणि संध्याकाळी तो फोन गल्ल्याच्या खणात ठेवून दिला. उत्तर सकाळी मिळेल असे गिऱ्हाइकांना पहिल्याच निरोपात कळवले होते आणि कोणी रागावले नाही. तेलाचाही वाद आता होत नाही. दमलेल्या माणसाला अजून एक घाणा याच तेलात काढावा असे वाटते, पण तेल तपासायचे मीटर कढईत बुडवले की पोलर कंपाउंडचे, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या घटकांचे, प्रमाण समोर दिसते. २५ टक्क्यांची मर्यादा ठरलेली आहे आणि आम्ही तिच्या पुष्कळ अलीकडेच तेल बदलतो. जे यंत्राने सुटते त्यावर माणसांनी एकमेकांशी वाद घालू नये.

पैशांचा ताण हा उघड बोलला न जाणारा भाग आहे. बोनस कायद्याने बंधनकारक व्हावा इतकी आमची माणसे नाहीत, तरी एक महिन्याचा पगार आम्ही देतोच. यंदा तो धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात दिला, कारण सणाच्या आदल्या संध्याकाळी मिळालेल्या पैशांतून बाजारहाट नीट होत नाही. त्यासाठी कंपन्यांची येणी वेळेवर यावी लागतात. आमची उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी, नोंदणी आहे आणि लघुउद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन खरेदीदारावर असते. एप्रिल २०२४ पासून वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट त्यांना त्या वर्षी प्राप्तिकरात मिळत नाही, म्हणून बिलावर नोंदणी क्रमांक ठळक छापायला लागल्यापासून वसुलीचे फोन कमी झाले आहेत. ज्यांचा छोटा उद्योग आहे त्या प्रत्येकाने हे करावे असे मी आग्रहाने सांगेन.

वसुबारसेला संध्याकाळी प्रत्येकीला बोनसखेरीज घरचा शिधा दिला : चकलीची भाजणी, बेसन, रवा, मैदा, साखर, तूप, तेल, सुके खोबरे आणि खसखस. तयार डबा देणे सोपे होते आणि पूर्वी तसेच देत असू. पण श्रावणातल्या त्या बैठकीत सगळ्यांचे म्हणणे एकच पडले की घरात तळणीचा वास आल्याशिवाय मुलांना दिवाळी आल्यासारखे वाटत नाही. भाऊबीजेनंतर मावशी आल्या त्या धाकट्या मुलीने वळलेली करंजी घेऊनच. मुरड जरा जाड होती, पण करंजी फुटली नव्हती.

विक्री २०२४ पेक्षा थोडीच वाढली. अमेरिकेचा भाग गेला, जीएसटी कमी झाल्याने भेटपेट्यांचा भाग वाढला. हंगामात काम सोडून कोणी गेले नाही आणि भाजल्याची मोठी घटना घडली नाही, याला मी विक्रीच्या आकड्याइतकेच महत्त्व देते.

२०२६ ची आखणी आतापासूनच करावी लागणार आहे, कारण ते वर्ष दोन्ही टोकांनी वेगळे आहे. १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ आहे आणि अधिक महिन्यात जावयाला अनारशांचे वाण देण्याची रीत असल्यामुळे भर उन्हाळ्यात अनारशांची मोठी मागणी येईल. नाशिकचा मे महिना कोरडा असतो, तांदूळ मनासारखे वाळतील, तरी पीठ मुरायला लागणारे दिवस धरून काम एप्रिलअखेरीस सुरू करायचे आहे. दुसरीकडे, सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबरला रामकुंडावर आहे आणि धनत्रयोदशी त्यानंतर सहाच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला येते. त्या दिवसांत पंचवटीत टेम्पो आणणे आणि बायकांना कामावर ये-जा करणे दोन्ही अवघड होईल. म्हणून कंपन्यांच्या पेट्या ध्वजारोहणापूर्वीच बाहेर काढायच्या, त्यासाठी सिडकोत महिनाभर एक खोली भाड्याने घ्यायची आणि कंपन्यांची नोंदणी गणपतीतच संपवायची असे ठरले आहे. कंपन्यांना त्याची पत्रे श्रावणात जातील आणि किती पेट्या देता येतील तो आकडा, बायकांच्या सुट्ट्या लिहून झाल्यावरच, त्या पत्रात पडेल.