फुगलेला कपॅसिटर

1984 साली मी आठवीत होतो. विज्ञान प्रदर्शनासाठी मी दोन ट्रान्झिस्टरचा मल्टिव्हायब्रेटर करायला घेतला होता. एक दिवा लागला की दुसरा विझायचा. दोन बीसी 148 ट्रान्झिस्टर, वीज अडवणारे चार रेझिस्टन्स, वीज साठवणारे दोन कपॅसिटर, सगळं लाकडी फळीवर. कपॅसिटर भरतो म्हणजे नक्की काय होतं, हे बघायला मी एक कपॅसिटर थेट बारा व्होल्टच्या एलिमिनेटरला (बॅटरीऐवजी वापरायच्या वीजपुरवठ्याला) लावला, तोही उलटा. फट्‌कन आवाज झाला आणि प्रयोगशाळाभर उग्र वास सुटला. आता मार बसणार म्हणून मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

विज्ञानाच्या सरांनी खिडक्या उघडल्या. "वही काढ," एवढंच म्हणाले. काय जोडलं, कसं जोडलं, काय झालं ते लिहायला लावलं, खाली तारीख घालायला लावली, मग लाल शाईने सही केली. तो फुगलेला कपॅसिटर त्याच पानावर दोऱ्याने शिवायला लावला.

दुसऱ्या दिवशी ते घरून घटिकापात्र घेऊन आले. लग्नाच्या मुहूर्तासाठी पूर्वी वापरायचे ते. तळाला बारीकसं भोक असलेली वाटी. बादलीत सोडली की पाणी आत चढत जातं आणि भरली की बुडते. एक घटका म्हणजे 24 मिनिटं. सर म्हणाले, "वाटी म्हणजे तुझा कपॅसिटर, भोक म्हणजे रेझिस्टन्स आणि बुडणं म्हणजे ट्रान्झिस्टरने कूस बदलणं. भोक बारीक केलंस की वेळ वाढला." मी 100 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला 47 किलोओहमचा रेझिस्टन्स लावला. प्रदर्शनात दिवे साधारण तीन-तीन सेकंदांनी आळीपाळीने लागत होते. मला बक्षीस मिळालं नाही, पण लग्नमुहूर्ताच्या त्या वाटीतून जे कळलं ते पुढे कुठल्याच पुस्तकाने इतकं नीट सांगितलं नाही.

पुढे डिप्लोमा केला आणि चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी धरली. पहिलंच काम थांबून थांबून चालणाऱ्या वायपरच्या टायमरचं. तेव्हा रॉबर्ट कर्न्स यांचं अशाच वायपरचं पेटंट वाचलं आणि मला आपली प्रयोगशाळा दिसली.

कर्न्स डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकवायचे. 1953 साली लग्नाच्या रात्री शॅम्पेनच्या बाटलीचं बूच उडून डाव्या डोळ्याला लागलं आणि त्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. रिमझिम पावसात सतत फिरणारा वायपर त्यांना फार त्रास द्यायचा. पापणी कशी मिटते, थोडं थांबते, पुन्हा मिटते, तसाच वायपर का नसावा, असं त्यांच्या मनात आलं. 1 डिसेंबर 1964 ला अर्ज केला, 7 नोव्हेंबर 1967 ला पेटंट मिळालं. आत काय, तर ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि फिरवता येणारा रेझिस्टन्स. बटण फिरवलं की वाटीचं भोक लहान-मोठं.

गाड्यांच्या कंपन्यांचं म्हणणं होतं की यातला एकही भाग नवा नाही, मग शोध कसला? कर्न्स यांनी 1978 साली फोर्डवर दावा लावला. 1990 मध्ये ज्यूरीने पेटंटचं उल्लंघन झाल्याचं मान्य केलं आणि 1 कोटी 2 लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे क्रायसलरविरुद्धही ते जिंकले. त्या लढाईत बराच काळ ते वकिलाशिवाय स्वतःच उभे होते. घर मोडलं, उमेदीची वर्षं गेली. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. सुटे भाग बाजारात कुणालाही मिळतात; ते कोणत्या क्रमाने जोडायचे हे ज्याला आधी सुचलं, ते त्याचंच.

अमेरिकेत 2013 पर्यंत शोध आधी कुणाला लागला याला कायद्यात वजन होतं, म्हणून तिथे तारीख-सहीच्या वहीला पुरावा मानायचे. पेटंट म्हणजे काय हे आम्हाला आठवीत ठाऊक नव्हतं. सरांनी सवय मात्र तीच लावली. आज माझ्या हाताखालच्या पोरांना मी रोज वही लिहायला लावतो आणि संध्याकाळी प्रत्येक पानावर सही करतो. कुणाचं सर्किट कुणी केलं, यावरून आमच्याकडे वाद होत नाही.

शाळेची ती वही अजून माझ्याकडे आहे. दोरा कुजून तुटला, कपॅसिटर कधीच गळून पडला. पण त्यातून झिरपलेल्या द्रवाचा तपकिरी डाग पानावर आहे आणि त्याच्या कडेला लाल शाईतली सही.