धावपट्टीवरचे काळे पट्टे

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ताई ओवाळायला आली ती भाचीला बरोबर घेऊन, आणि कपाळावरचा टिळा वाळायच्या आत भाचीने बॅगेतून पांढरे खोके काढून पाटासमोर ठेवले. न्यू जर्सीहून स्वेटरच्या घडीत गुंडाळून आणलेला क्वेस्ट ३ हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधला की भोवती आभासी जग दाखवणारा डबा, अखेर घरात आला. पैसे मी जुलैतच पाठवले होते, त्यामुळे ही काही उलट्या दिशेची ओवाळणी नव्हे, हे ताईला दोनदा समजावून सांगावे लागले. तरीही "या वयात डोळ्यांना डबा बांधून बसतोस" हे वाक्य तिने ऐकवलेच.

जुना रिफ्ट एस हेडसेट मी चार वर्षे वापरला. २०२० च्या डिसेंबरात संगणकावर विमान उडवायच्या मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये व्हीआरची, म्हणजे हेडसेट लावून आत शिरायची, सोय झाली आणि त्याच महिन्यात मी पडद्यासमोरून उठून कॉकपिटमध्ये जाऊन बसलो, तो आजतागायत. त्या हेडसेटमध्ये दर डोळ्याला १२८० बाय १४४० पिक्सेल मिळतात, म्हणजे जग दिसते, पण मच्छरदाणीतून पाहिल्यासारखे. सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पॅनेलवरचा अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारी तबकडी, वाचायचा तर गाभाऱ्यातली मूर्ती पाहायला वाकावे तसे खुर्चीतून पुढे वाकावे लागे. पुढे पुढे मी आकडे वाचायचे सोडूनच दिले आणि काट्यांचे कोन पाठ केले. वेगाचा काटा अमुक इतका तिरका झाला की ६५ नॉट झाले, असे मानून मी उतरत असे, आणि बरे उतरत असे. आज खोके उघडले नाही. घरात पाहुणे असताना डबा बांधून बसणे मलाही शोभले नसते.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

लक्ष्मी रस्त्यावरच्या चष्मेवाल्यांकडे जाऊन आलो. हेडसेटमधले चित्र डोळ्यांपासून दोन-तीन इंचांवर असले तरी भिंगांमुळे डोळ्याला ते मीटरभराहून अधिक अंतरावर असल्यासारखे भासते, त्यामुळे तिथे जवळचा नंबर कामाचा नसतो, लांबचाच लागतो. माझा नेहमीचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला, असल्याने आत घालून उपयोग नव्हता. मान हलली की गावाची एक पट्टी स्पष्ट आणि बाकीचे गाव धुक्यात. भाचीने खोक्याबरोबर आणलेल्या प्लास्टिकच्या दोन गोल चौकटी त्यांच्यासमोर ठेवून फक्त लांबच्या नंबरची काच कापून द्यायला सांगितले. "हा चष्मा आहे की दुर्बीण?" असे विचारून त्यांनी त्या बराच वेळ उलटसुलट पाहिल्या, पण काम मनापासून केले.

त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर मोजले तेव्हा ते ६८ मिलिमीटर भरले. जुन्या हेडसेटमधली भिंगे ६३.५ मिलिमीटरवर कायमची बसवलेली आहेत. चित्रापुरता आकडा सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतो, पण तो मी चार वर्षांत एकदाही बदलला नव्हता, कारण तो बदलायचा असतो हेच मला माहीत नव्हते. नव्या हेडसेटला खाली एक चाक आहे, ते फिरवले की भिंगे खरोखर सरकतात. सिम्युलेटर मला माझ्या डोळ्यांपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळ असलेल्या डोळ्यांनी जग दाखवत होता, म्हणजेच ते जग मला खऱ्याहून किंचित मोठे दिसत होते, हे घरी येताना रिक्षात बसल्यावर उमगले.

शनिवार, ९ नोव्हेंबर

भिंगे तयार होऊन आली, आणि दुपारी पहिले उड्डाण झाले. नव्या हेडसेटमध्ये दर डोळ्याला २०६४ बाय २२०८ पिक्सेल आहेत, म्हणजे एकूण सुमारे अडीच पट; परंतु फरक केवळ आकड्यांचा नाही. जुन्या भिंगांत मधला एक गोल तेवढा स्पष्ट असे आणि कडेचे पाहायला मान वळवावी लागे. इथे नुसती बुबुळे फिरवली तरी कडेपर्यंत नीट दिसते. पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाशी सेसना उभी करून मी दहा मिनिटे उडालोच नाही, नुसता बसून राहिलो. पॅनेलवरच्या स्क्रूंच्या खाचा दिसत होत्या. अल्टिमीटरच्या पोटात हवेचा दाब लावायची जी नखाएवढी खिडकी असते, तिच्यातला आकडा मी पाठ खुर्चीला टेकवून वाचला, आणि त्या क्षणी एकट्यालाच हसू आले.

तारेचा त्रास मात्र आहे. जुना हेडसेट चित्र थेट संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाकडून घेत असे. हा ते यूएसबीच्या तारेतून दाबून, आवळून घेतो आणि आत पुन्हा उलगडतो, त्यामुळे लांबची झाडी कधीकधी पाण्यात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी दिसते. डोक्यावरचा पट्टाही कापडी असल्याने सगळा भार गालांवर येतो. तासाभराने हेडसेट काढला तेव्हा चेहऱ्यावर उमटलेले वळ पाहून हिने काही न बोलता खोबरेल तेलाची बाटली पुढे केली.

उड्डाण सुंदर झाले. उतरणे मात्र लाजिरवाणे झाले. धानोरीवरून येऊन धावपट्टी १० वर उतरताना वेग ६५, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) पूर्ण उघडलेले, सगळे नेहमीसारखे होते. शेवटी योक, म्हणजे विमानाचे हँडल, मागे ओढून नाक उचलायचे, ज्याला वैमानिक फ्लेअर म्हणतात, ते केले, आणि विमान हवेतच तरंगत राहिले, मग दमले आणि दगडासारखे खाली बसले. उतरण्याचा वेग दाखवणारे एक छोटे सॉफ्टवेअर मी लावलेले आहे. त्याने मिनिटाला ५४० फूट दाखवले. माझी नेहमीची उतरणी दीडशे ते दोनशेत बसतात, हे वहीत लिहिलेले आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

चौदा वेळा उतरलो, आणि त्यांतली अकरा उतरणी चारशेच्या वर गेली. प्रत्येक वेळी चूक तीच होती: योक मागे लवकर जातो आणि विमान फार उंचावर सपाट होते. सकाळी दोष तारेला दिला, कारण चित्र उशिरा पोहोचत असावे असे वाटले. मग ढग कमी केले, सावल्या कमी केल्या, चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो दर ७२ हर्ट्झवर आणला, मधल्या फ्रेम (चित्रे) संगणकाने स्वतः भरायची सोय बंद केली. विमानाच्या पंख्याच्या पात्यांभोवतीचे थरथरणे गेले, पण उतरणी होती तिथेच राहिली. शिवाय चित्र उशिरा येत असते तर हातही उशिरा हलला असता. माझा हात तर घाई करत होता.

अकराव्या उतरणीच्या वेळी शेवटच्या वळणावर असताना खरे सुखोई लढाऊ विमान डोक्यावरून गेले. आमच्या भागात हा नेहमीचा प्रसंग असला तरी कॉकपिटमध्ये बसून तो आवाज ऐकला की मान आपोआप वर जाते. वर सिम्युलेटरचे निळे, रिकामे आकाश होते, आणि खिडकीच्या काचा खऱ्या घरात थरथरत होत्या. त्या उतरणीचा आकडा ६१० आला. ती हिशेबात धरू नये असे मी वहीत लिहिले, मग खोडले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ऑफिसातून आल्यावर, जेवायच्या आधी, जुना हेडसेट परत जोडला आणि एकच उतरणी केली. १७० आली. मग तीच पुन्हा केली, पण या वेळी उतरण्याकडे नव्हे तर स्वतःकडे लक्ष ठेवून: हात नेमका केव्हा हलतो ते पाहायचे, एवढेच ठरवले होते. धावपट्टीच्या सुरुवातीला विमानांची चाके टेकून टेकून रबराचे काळे पट्टे उमटलेले असतात. जुन्या हेडसेटमध्ये लांबून ते दिसतच नाहीत. तिथे नुसता करडा रंग असतो. अगदी खाली आल्यावर, जमिनीपासून चार-पाच मीटर उरल्यावर, तो करडा रंग फाटतो आणि त्यातून पट्टे एकदम वेगळे होतात. माझा हात नेमका त्याच क्षणी मागे आला.

म्हणजे चार वर्षे मी उंचीचा अंदाज घेत नव्हतो. चित्र केव्हा स्पष्ट होते याची वाट पाहत होतो, आणि त्यालाच हातोटी म्हणत होतो. नव्या हेडसेटमध्ये तेच पट्टे धावपट्टी गाठायच्या कितीतरी आधी, रेघ न् रेघ मोजता येईल इतके स्पष्ट दिसतात. डोळ्याने "आलो" म्हटले की हात ऐकतो. त्यात बाहुल्यांच्या अंतराचा हिशेबही त्याच बाजूला पडतो. पूर्वी मोठे भासणारे जग आता खऱ्या मापाचे झाल्याने, तीच जमीन मला पूर्वीपेक्षा जवळ वाटते. माझ्या मते पट्ट्यांचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेच्या प्रशिक्षण पुस्तिकेत हेच वेगळ्या शब्दांत सांगितलेले आहे, आणि मी ते पूर्वी वाचलेलेही होते: नाक उचलताना नजर फार जवळ ठेवली तर माणूस नियंत्रणे वाजवीपेक्षा जास्त ओढतो, उंचावर सपाट होतो आणि वरून आदळतो, फार लांब ठेवली तर जमीन केव्हा आली ते कळत नाही. तेव्हा ते वाचून मी मान डोलावली होती. जवळ पाहण्यासारखे काही दिसतच नसलेल्या माणसाने मान डोलवायला काय जाते!

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी होती. सकाळी साडेसातलाच रांगेत उभे राहून मत दिले आणि नऊला खुर्चीत येऊन बसलो. आज एकच नियम ठरवला होता: चाके धावपट्टीच्या उंबरठ्यावर आली की पट्ट्यांकडे पाहायचे नाही, नजर धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे न्यायची आणि दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत कशा रुंदावतात तेवढे जाणवू द्यायचे. जुन्या हेडसेटमध्ये हे जमलेच नसते, कारण तिथे कोपऱ्यांत काही नीट दिसत नव्हते.

पहिल्या चार उतरण्या ४१०, ३८०, ४४०, ३९० आल्या. नजर लांब जाई, पण मधेच चोरटेपणाने खाली येई. पाचवीच्या वेळी मी मोठ्याने "लांब, लांब" म्हणू लागलो, आणि स्वयंपाकघरातून "काय लांब?" असा प्रश्न आला. सातवीला २६०. दहावीला विमान केव्हा टेकले ते चाकांच्या आवाजावरून कळले; १९५. फ्लॅपच्या बटणावर मी हिची एक टिकली चिकटवून ठेवलेली आहे, म्हणजे डोळे बांधलेले असताना बोटाला ते सापडते. तिच्यावरून बोट फिरवत धावपट्टी सोडली.

मग चहासाठी हेडसेटच्या कडेवर दोनदा टिचकी मारली. या हेडसेटची ही सोय मला आवडली आहे, कारण टिचकी मारली की कॉकपिट विरते आणि समोर खोली दिसते, थोडी दाणेदार, पण रंगीत. कॉकपिटमध्ये मला हात नसतात, योक आपोआप हललेला दिसतो. आता योकवर माझा डावा हात होता, तर्जनीच्या नखावर सकाळची शाई होती, आणि शेजारी कपबशी ठेवून ही विचारत होती की टिकल्यांचे पाकीट संपत आले आहे ते कुणामुळे.