खातं शहाद्यात, कुलूप गुजरातेत

गेल्या वर्षी ऐन जूनमध्ये आमच्या दुकानाचं करंट खातं बंद पडलं. बंद म्हणजे अर्धं बंद. येणारे पैसे जमा होत होते, जाणारे जात नव्हते. बँकवाले याला डेबिट फ्रीझ म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेजवळ असलेल्या शहाद्यात आमचं पाइप, ठिबक आणि सबमर्सिबल मोटारींचं दुकान आहे. पेरणीच्या तोंडावर कंपनीला माल भरायचे पैसे पाठवता आले नाहीत तर पुढचा सगळा हंगाम हातचा जातो. दुकान आणि खातं दोन्ही बाबांच्या नावावर. बाबांचं वय ७१.

बँकेत गेलो. मॅनेजर म्हणाले, "आमच्या हातात काही नाही, सायबरकडून आलंय." कुठल्या सायबरकडून? "सिस्टिममध्ये गुजरात दिसतंय." तेवढ्यावर काही होत नाही. असा प्रसंग कुणावर आला तर पहिल्याच दिवशी बँकेकडून लेखी पाच गोष्टी मागून घ्याव्यात, असं मी आता सगळ्यांना सांगतो: तक्रारीचा पोच क्रमांक, कुठलं पोलीस ठाणं, तपासी अधिकाऱ्याचा मेल, वादातली रक्कम आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. आम्हाला ही माहिती मिळाली, पण शाखेतून नाही. बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, मेल केल्यावर मिळाली.

त्यातून चित्र असं उभं राहिलं. गुजरातेतल्या एका माणसाला ऑनलाइन गंडवलं गेलं. त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. त्याचे पैसे त्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरले, आणि त्यातले १८,५०० रुपये यूपीआयने आमच्याकडे आले. आमच्यासाठी तो एक गिऱ्हाईक होता. मोटार घेतली, क्यूआर स्कॅन केला, पिकअपमध्ये टाकून गेला. सायबर तक्रारींच्या सरकारी पोर्टलच्या भाषेत आम्ही "लेअर तीन"! म्हणजे चोरीच्या पैशाच्या वाटेवरचं तिसरं घर. वाद १८,५०० चा, पण अडकलं होतं अख्खं खातं.

आता हे होतं कसं? पोलीस हा राज्याचा विषय, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत दुसऱ्या क्रमांकावर. एका राज्याच्या पोलिसांचे अधिकार दुसऱ्या राज्यात लागू करायचे तर त्या राज्याची संमती लागते, हे केंद्रसूचीतच लिहून ठेवलंय. पण तपासाचा कायदा सगळ्या देशाला एकच आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नावाने चालतो आणि त्याचं कलम १०६ पोलिसांना संशयास्पद मालमत्ता जप्त करू देतं. बँक खातं ही "मालमत्ता" धरायची का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निकालात काढला. तेव्हा जुन्या संहितेतलं कलम १०२ होतं आणि खटला महाराष्ट्राचाच होता. त्यात आता केंद्रीय गृहखात्याचं ते पोर्टल आलं, त्याला बँका जोडल्या गेल्या. गुजरातेतला अंमलदार खुर्चीतून न उठता शहाद्यातलं खातं थांबवू शकतो. वाटेत ना आमचं ठाणं लागतं, ना नंदुरबारचे एसपी.

खऱ्या फसवणुकीत हे बरोबरच आहे. पैसे मिनिटामिनिटाला पुढे सरकत असताना पत्रापत्री करत बसलं तर हाती काही लागणार नाही. माझा आक्षेप दुसऱ्या टोकाला आहे. थांबवायला एक बटण पुरतं. उघडायला मात्र बहुतेक वेळा ज्याने थांबवलं त्याचीच परवानगी लागते, आणि तो दुसऱ्या राज्यात बसलेला असतो.

आमच्या पोलीस ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदारांनी चहा पाजला आणि हात वर केले. "गुन्हा त्यांच्याकडचा. त्यांनी काही मागितल्याशिवाय मी काय लिहून घेऊ?" राग आला, पण कायद्याने त्यांचं चूक नव्हतं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या तक्रार प्राधिकरणाकडे जावं असंही मनात आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर अशी प्राधिकरणं आली, आपल्याकडे २०१४ च्या दुरुस्तीने ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमात बसली. पण ती महाराष्ट्राच्या पोलिसांपुरती. गुजरातच्या अंमलदाराविरुद्ध इथे अर्ज करून उपयोग शून्य. गंमत म्हणजे दोन्ही राज्यांचे पोलीस ज्या मूळ कायद्यावर चालतात तो एकच, १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम. १९६० ला राज्यं वेगळी झाली, मग दोघांनी आपापल्या नावाच्या पाट्या लावल्या.

तिकडच्या ठाण्याला मेल केला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं: खातेदाराने मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. कलम नाही, तारीख नाही.

बाबा निघायला तयार झाले. पिशवी भरली, कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातले. "आते काय करानं? बलावं तं जानं पडी." मला मात्र त्यांना उन्हातान्हात एसटीने पाठवायचं नव्हतं. गावातल्या वकील काकांकडे मेल घेऊन गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बोलावलंय कशासाठी? आरोपी म्हणून की साक्षीदार म्हणून?"

सगळं यावर होतं. नव्या संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस असेल, म्हणजे तुमच्यावरच संशय असेल, तर जावंच लागतं. न गेल्यास अटकही होऊ शकते. पण माहिती देणारा म्हणून बोलवायचं तर कलम १७९ लागतं. त्याखाली पोलीस फक्त आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला बोलवू शकतात. शिवाय साठ वर्षांवरचा पुरुष, कुठलीही स्त्री, दिव्यांग किंवा गंभीर आजारी माणूस यांना राहत्या ठिकाणाहून दुसरीकडे बोलवताच येत नाही. आधीच्या कायद्यात पुरुषांसाठी ही मर्यादा ६५ होती, नव्यात ६० झाली. बाबा दोन्हींत बसत होते. काकांनी पिशवी रिकामी करायला लावली.

मग अर्ज लिहिला. त्यात रडगाणं एक ओळही नव्हतं. काकांचं म्हणणं, तपासी अधिकाऱ्याकडे असे शेकडो मेल येतात आणि प्रत्येकात "मी निर्दोष आहे" असतंच. आम्ही मोटारीचं जीएसटी बिल जोडलं, त्यावर मोटारीचा सिरियल नंबर होता. तोच नंबर कंपनीच्या खरेदी बिलावरही होता. खात्याचा उतारा जोडून त्यातल्या त्या एका नोंदीवर खूण केली. उद्यम नोंदणी, आधार, पॅन जोडलं. पुढे तीन मुद्दे लिहिले. वादातले १८,५०० राखून ठेवा, बाकी खातं मोकळं करा. खातेदाराचं वय ७१ आहे, कलम १७९ प्रमाणे जबाब शहाद्यातच घ्यावा, त्यासाठी इथल्या ठाण्याला पत्र द्यावं. आणि तिसरा मुद्दा काकांचा: कलम १०६ खालच्या जप्तीचा अहवाल कोणत्या दंडाधिकाऱ्यांकडे पाठवला ते कळवावं, म्हणजे आम्हाला तिथे जप्त मालमत्ता परत मिळण्यासाठी कलम ५०३ खाली अर्ज करता येईल. जप्तीचा अहवाल ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना द्यायचा, असं कायदा सांगतो. अशी गोठवणी १०६ मध्ये बसते की गुन्ह्यातून आलेल्या पैशासाठीच्या कलम १०७ मध्ये, ज्यात आधी न्यायालयाकडे जावं लागतं, यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. काकांनी ते मुद्दाम अर्जात घातलं नाही. "त्याला वाद नको, वाट दे," म्हणाले.

अर्ज मेलने आणि स्पीड पोस्टाने गेला. प्रती बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला आणि नंदुरबारच्या एसपी कार्यालयाला.

आठवडा उलटायच्या आत तिकडून फोन आला. पीएसआय हिंदीत बोलत होते, जरा तुटक. मी उत्तरं देत होतो तेवढ्यात बाबांनी फोन हातातून काढून घेतला आणि थेट गुजराती सुरू केलं. त्यांचं आयुष्य सुरतेच्या बाजारातून माल आणण्यात गेलं. पाचेक मिनिटांत दोघं कुठल्या कंपनीची मोटार टिकते यावर आले. साहेबांच्या गावी शेती होती. शेवटी त्यांनी सांगितलं, तक्रारदाराचे पैसे "तेरा तुझको अर्पण" या गुजरात पोलिसांच्या उपक्रमात परत द्यायचे असतात, म्हणून तेवढी रक्कम सोडता येणार नाही, बाकीचं बघतो.

त्यानंतर आमच्या ठाण्याला मेल आला आणि मग मात्र तिथलं चाक फिरलं. हवालदार दुकानात आले, बाबांचा जबाब घेतला, मराठीत, पाइपांच्या बंडलावर बसून. गिऱ्हाइकाचं वर्णन, पिकअपचा रंग, त्याने दिलेला मोबाइल नंबर. तो नंबर तेव्हाच बंद होता. जावक क्रमांक टाकून जबाब तिकडे गेला. मराठी जबाब गुजरातेत कोण वाचणार, हे मी विचारलं. हवालदार म्हणाले, "नंदुरबारच्या बॉर्डरवर हा प्रश्न कुणाला पडत नाही."

खातं उघडलं ते दोन टप्प्यांत. पोलिसांचा मेल बँकेला गेला, तरी शाखेत सांगत होते की अजून वरून आलं नाही. पोलिसांच्या मेलची प्रत आमच्याकडे होती म्हणून बरं. ती पुन्हा नोडल अधिकाऱ्याला पाठवल्यावर फ्रीझ निघालं आणि १८,५०० वर लीन राहिलं, म्हणजे तेवढी रक्कम खात्यात अडकून राहिली. कंपनीला आम्ही आधीच कळवून मुदत मागितली होती, त्यामुळे ते प्रकरण चिघळलं नाही. हंगामाचं गिऱ्हाईक मात्र त्या काळात समोरच्या दुकानात गेलं, ते गेलंच.

काम कशाने झालं यावर घरात एकमत नाही. बाबा म्हणतात गुजरातीने. मला वाटतं, दंडाधिकाऱ्यांचं नाव विचारणाऱ्या त्या तिसऱ्या मुद्द्याने. काका म्हणतात की अधिकाऱ्याला खरोखर फक्त एवढंच हवं असतं: सोडायचं असेल तर फाइलला लावायला कागद.

लीन अजून तसंच आहे. काका म्हणतात ५०३ खाली अर्ज करू, माल दिलाय, बिल आहे. पण तो तिथल्या न्यायालयात, म्हणजे तिथला वकील, तिथल्या तारखा. आणि समोर ज्याचे खरंच पैसे गेले तो माणूस. बाबा नको म्हणतात. सध्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या बिलावर आम्ही गाडीचा नंबर लिहून घेतो, आणि कामगारांचे पगार व वीजबिल यांच्यापुरतं एक वेगळं खातं दुसऱ्या बँकेत उघडलंय.