पिंगळ्याची टोपली: उन्हाळ्यातली स्केचवही

मार्चच्या नोंदीत लिहिलं होतं, की उन्हाळाभर कूलरसमोर बसून फोटोंवरून पक्षी काढायचे आणि पिसांवर हात बसवायचा. तो बेत फार टिकला नाही.

९ एप्रिल
रात्री वावधान सुटलं. सकाळी अंगणातल्या कडुनिंबाखाली, कुंड्यांच्या मागे पिंगळ्याचं, म्हणजे छोट्या घुबडाचं, पिल्लू. मुठीत मावेल एवढं, अर्धं पीस, अर्धी लव. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून ओरडल्या, "काय करून राहिली वं तू? पिंगळा हाय तो, घरात नको नेऊ त्याले!" त्यांना अपशकुनाची भीती, मला मांजरीची. घरात न्यायचं नाही, एवढ्यावर दोघींचं एकमत झालं.

खरं सांगते, माझ्या मनात खोका, कापूस आणि ड्रॉपर केव्हाच तयार होते. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला, तिथून पुढे नागपुरातल्याच सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरशी, म्हणजे वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राशी, बोलणं झालं. रक्त आहे का, दोन्ही पंख सारखे आहेत का, मांजरीने तोंडात धरलं होतं का, असे प्रश्न. फोटो पाठवला. उत्तर आलं, "ताई, पिल्लू ठणठणीत आहे. दूध नको, पाणीही पाजू नका, श्वासनलिकेत जातं. टोपलीत घालून त्याच झाडावर बांधा. आईबाप येतील."

माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते खोटं निघालं. शिवाय जंगली पक्षी घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे. तर बांबूची टोपली, तळाला पाणी निथळायला भोकं, आत काडीकचरा. भावाने शिडी लावून ती ढोलीच्या हातभर खाली बांधली. माझ्या वाट्याला राखण आली: दिवसा कावळे, रात्री मांजरी.

रात्री पावणेआठला वरून कर्कश चिर्रर्र ऐकू आलं. कुणीतरी टोपलीच्या काठावर बसलं, चोचीत टोळासारखं काहीतरी. मी गच्चीवर पालथी पडून बघत होते. स्केच शून्य.

१३ एप्रिल
रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, गच्चीवरून. बारा पानं झाली, बाराही टाकाऊ. पिल्लू सतत मान खालीवर, डावीउजवी नाचवतं, पेन्सिल टेकेपर्यंत डोकं तिसरीकडेच. चिडून थोडं वाचलं. घुबडांचे डोळे नळीसारखे, खोबणीत पक्के बसलेले. बुबुळ फिरवता येत नाही म्हणून डोकं फिरवायचं. आपल्या मानेत ७ मणके, त्यांच्या मानेत १४. मान नाचवतात ती अंतराचा अंदाज घ्यायला.

हे कळल्यावर क्रम उलटा केला. आधी मी डोळे काढायची आणि त्यांच्याभोवती पक्षी बसवायची. आता आधी पायांपासून पाठीपर्यंतची एकच रेघ, मग डोक्याचा गोळा कुठे वळलाय ते, डोळे सगळ्यात शेवटी. चार सेकंदांत एक स्केच. पक्षी उडाला तरी रेघ खोटी ठरत नाही.

१७ एप्रिल
आज जुनी वही काढली. दोन वर्षांतले सगळे पक्षी, हळद्या, खंड्या, नीलकंठ, माझ्याकडे बघतायत. एकूण एक. फोटोवरून काढते ना, आणि फोटोवाला पक्ष्याची नजर कॅमेऱ्याकडे वळण्याचीच वाट बघत बसलेला असतो. मीही तेच फोटो वेचून घेत होते.

टोपलीतलं पिल्लू मात्र आठ दिवसांत माझ्याकडे क्वचितच बघतं. मुंगळ्याकडे बघतं, फांदीकडे, आईच्या वाटेकडे. पहिल्या दिवशी मला याचा राग आला, हे लिहायला लाज वाटते. उन्हातान्हात राखण मी करते, निदान ओळख तरी दाखव! ऑफिसातही माझं असंच होतं. केलेलं काम कुणी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आज पहिल्यांदा पाठमोरं चित्र काढलं. मानेमागची पांढरी पट्टी आणि खांदे, बस. आतापर्यंतचं सगळ्यात बरं पान.

२१ एप्रिल
पान एका स्केचमित्राला पाठवलं. त्याचा प्रश्न, "रानपिंगळा काढलास का?" मी डोक्यावरचे ठिपके आळसाने गाळले होते. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. ११३ वर्षं कुणाच्या नजरेस न पडलेला तो पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आपल्या मेळघाटातही आहे. मी मात्र तो आळशी ब्रशने थेट नागपुरात आणून बसवला.

ठिपक्यांसाठी उपाय: वाढदिवसाच्या मेणबत्तीचं टोक तासून आधी ठिपके द्यायचे, वर बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीनचा (निळा) वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ हात. मेणावर रंग धरत नाही. पांढऱ्या गुवाशपेक्षा, म्हणजे अपारदर्शक जलरंगापेक्षा, हे कितीतरी जिवंत दिसतं. फक्त चुकलेला ठिपका पुसता येत नाही, तेव्हा आधी ते मोजायला शिका.

२६ एप्रिल
पिल्लू टोपलीच्या काठावर, मग फांदीवर. साळुंक्यांनी आरडाओरडा करून पिटाळलं, परत टोपलीत.

२९ एप्रिल
टोपली रिकामी. पोटात खड्डा पडला. टॉर्च मारायचा नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे अंधारात नुसती ऐकत बसले. साडेआठला शेजारच्या काकूंच्या शेवग्यावरून चिर्रर्र. मग आणखी एक, बारीक आवाजातलं. काकू दारात येऊन म्हणाल्या, "गेला का वं तुझा पिंगळा?" म्हटलं, "तुमच्याकडे आलाय." काकूंनी शेवग्याकडे बघितलं आणि अंगणातला दिवा मालवला.

६ मे
एकूण ४१ पानं, ठेवण्यासारखी ९. त्यांपैकी ६ पाठमोरी. तिघं रोज तारेवर दिसतात, त्यातलं आपलं कोणतं हे आता ओळखू येत नाही.

सध्याची अडचण हवेची आहे. संध्याकाळीही गच्ची तव्यासारखी, वॉश पसरेपर्यंत वाळतो आणि कडेला कडक रेघ उमटते. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवला तर मिनिटभर जास्त मिळतं. पाण्यात ग्लिसरीनही घालून बघितलं. रंग ओला राहिला खरा, पण पान सकाळपर्यंत चिकट आणि त्यावर तीन मुंग्या कायमच्या मुक्कामाला. कुणी मे महिन्यात बाहेर बसून वॉश टाकत असेल तर ग्लिसरीनचं प्रमाण सांगा.