बंद पडलेल्या व्हेन्व्हमधून काढलेली यादी

ऐन द्राक्ष सीझनमध्ये दिंडोरी रोडवरच्या एका पॅकहाउसचा, पायथन स्क्रिप्टवर निघणारा वजनाचा रिपोर्ट थांबला. जुना कॉम्प्युटर गेला होता आणि हार्डवेअरवाल्यानं त्याच्या डिस्कवरचं फोल्डर व्हेन्व्हसकट (एका प्रोजेक्टपुरता पायथन आणि त्याची पॅकेजेस ठेवणारं फोल्डर) नव्या मशीनवर आणलं होतं. जुन्यावर उबंटू २२.०४ आणि पायथन ३.१०, नव्यावर २४.०४ आणि ३.१२.

व्हेन्व्ह असा हलवता येत नाही. त्यातल्या पिपच्या (पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) पहिल्या ओळीत जुना पूर्ण पाथ असतो, म्हणून 'बॅड इंटरप्रिटर' ही एरर. पायथन मात्र चालू होतो, कारण तो सिस्टमच्या पायथनकडे नेणारी नुसती लिंक असते. पण तो आता ३.१२ असल्यामुळे 'पायथन३.१२' नावाचं फोल्डर शोधतो, पॅकेजेस असतात 'पायथन३.१०'मध्ये. म्हणून पांडाज हे डेटा हाताळणारं पॅकेज सापडत नाही.

मी पोचण्याआधी कुणीतरी सुडो लावून (ॲडमिनचे अधिकार घेऊन), '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' देऊन, म्हणजे सिस्टमच्या पायथनमध्ये भर घालायला असलेला नकार डावलून, इन्स्टॉल करून पाहिलं होतं. उबंटूची स्वतःची टूल्स त्याच पायथनवर चालतात. मशीन नकार देतं तेव्हा त्याला कारण असतं, पण ते वाचायला कुणी थांबत नाही, याचा मला खरंच राग येतो.

लागणारी पॅकेजेस लिहिलेल्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये व्हर्जन फक्त पांडाजचं, १.५.३. त्याची तयार व्हील (आधीच बिल्ड केलेल्या इन्स्टॉल फाइल्स) पायथन ३.११ पर्यंतचीच आहेत, म्हणून ३.१२ वर पिप सोर्समधून बिल्ड करायला बसतो आणि आपटतो. यूव्ही या टूलनं पायथन ३.१० आणून नवा व्हेन्व्ह केला, इन्स्टॉल सुरळीत झालं, पण इम्पोर्ट करताच 'नम्पाय डीटाइप साइज चेंज्ड', अपेक्षित ९६, मिळाले ८८ अशी एरर. पांडाज ज्यावर चालतं त्या नम्पाय पॅकेजला व्हर्जनची मर्यादा नसल्यानं पिपनं २.x आणलं होतं. जून २०२४ मध्ये आलेल्या २.० नं बायनरी रचना बदलली आणि पांडाज १.५.३ त्याच्या आधीचं.

'नम्पाय २ च्या खाली' एवढं लिहून भागलं असतं. पण निर्यातीच्या मालाची वजनं अंदाजानं जुळवलेल्या व्हर्जन्सवर काढायची नव्हती. जुना व्हेन्व्ह चालत नसला तरी त्यातली डिस्ट-इन्फो फोल्डरं (प्रत्येक पॅकेजचं नाव आणि व्हर्जन नोंदवणारी) शाबूत होती. नव्या पिपला 'फ्रीझ' आणि '--पाथ' देऊन पॅकेजेस असलेल्या जुन्या साइट-पॅकेजेस फोल्डरकडे वळवलं, तर नम्पाय १.२३.५ सकट अख्खी यादी निघाली. तीच गिटमध्ये (फाइल्समधले बदल जपणारं टूल) टाकली, व्हेन्व्ह पुसून त्या यादीवरून पुन्हा केला, ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनमध्ये त्याच्या पायथनचा पूर्ण पाथ दिला. रिपोर्ट निघाला.

मात्र कॉपी करू नये ते फोल्डर कुणीतरी कॉपी केलं, म्हणूनच यादी हाती लागली. फोल्डर शिस्तीत वगळलं असतं, तर ही व्हर्जन्स कुठून आणली असती?

पायथन ३.१० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. पांडाज २ मध्ये डेटाफ्रेमला (पांडाजचा तक्ता) ओळी जोडणारं अपेंड काढून टाकलंय आणि या स्क्रिप्टमध्ये ते जागोजागी आहे. ते बदलायचं काम एप्रिल छाटणीनंतर, पॅकहाउस रिकामं असताना करायचं ठरवलंय.