आमची वाटचाल : देखण्या मॉडेलपासून मोजता येणाऱ्या दगडापर्यंत

फोटोंवरून दगडाच्या नमुन्यांची त्रिमितीय मॉडेलं आम्ही संगणकावर बनवतो. सुरुवातीची मॉडेलं दिसायला झकास होती. मोजायला घेतली की फसायची. नमुना टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या टेबलावर, ठेवायचा, फोटो काढायचे, बाकी सॉफ्टवेअर बघून घेईल, अशी तेव्हाची पद्धत. मागचा पडदा स्पष्ट आला की सॉफ्टवेअर दगड सोडून पडद्यालाच धरून बसे, आणि पडदा तर जागचा हललेला नसे. मागे काळी मखमल आणि मास्किंग, म्हणजे फोटोतला दगडाबाहेरचा भाग झाकणं, यांनी ते मिटलं.

आता मुठीएवढ्या नमुन्याला 10 अंशांच्या टप्प्याने 36 फोटोंचं एक कडं, वेगवेगळ्या उंचीवरून अशी तीन कडी, मग नमुना उलटा करून पुन्हा तेवढंच. एकूण 216 फोटो. कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ 100, लेन्सचं छिद्र एफ/8 ते एफ/11, फोकस हाताने लावून रिंगला चिकटपट्टी. एफ/22 च्या आणखी बारीक छिद्राचा मोह होतो, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, बारीक कण धूसर होतात.

बेसॉल्ट, वालुकाश्म गुणी. छळतो तो अभ्रक. दगड फिरला की त्याची चमक जागा बदलते, आणि जिथे काही नाही तिथे सॉफ्टवेअर काटे उभे करतं. दिव्यांवर पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणारी गाळणी) आणि लेन्सवर त्याला काटकोनात दुसरा लावला की चमक मरते. उजेडही बराच जातो. शटर लांबवावा लागतो, म्हणून टेबल थांबल्यावर दोन सेकंद थांबूनच फोटो. पांढऱ्या कॅल्साइटमध्ये उजेड आत शिरतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. खडूची पूड मारता येते, पण ती बारीक खळगे भरते. रासायनिक तपासणी व्हायची असेल तर खडूचं नावही नको.

सपाट कापलेल्या पाटीचे फोटो फक्त वरून घेतले तर मॉडेल घुमटासारखं फुगतं. लेन्सच्या विरूपणाचा अंदाज चुकल्याचा हा परिणाम. 30 ते 45 अंश तिरके फोटो मिसळायचे.

स्केल बार, म्हणजे नेमक्या माहीत लांबीच्या पट्ट्या, दोन: एकावरून माप द्यायचं, दुसरा फक्त पडताळ्याला. 100 मिमीच्या बारवर 0.05 मिमीपेक्षा जास्त फरक दिसला की फोटो पुन्हा.

दगडातल्या भेगेच्या पृष्ठभागाच्या खडबडीतपणासाठी बार्टन आणि चौबे यांचं 1977 चं 0 ते 20 चं मोजमाप अजून चालतं. पण तोच पृष्ठभाग 0.5 मिमीऐवजी 0.1 मिमी अंतरावरच्या बिंदूंनी मोजला की आकडा सहसा चढतो. म्हणून आकड्याशेजारी अंतर लिहिलेलंच असतं.

खोल खाचेत फोटो पोचत नाहीत, तिथे मॉडेलचा पृष्ठभाग बनवणाऱ्या जाळीला भोक पडतं. सॉफ्टवेअर ते एका क्लिकवर बुजवतं. आम्ही जवळून सहा-सात फोटो वाढवून पाहतो. नाहीच जमलं तर भोक तसंच ठेवून अहवालात खूण करतो.